जुन्या बांधकामांनाही लागू

एक स्क्रू उरला होता. तळहातावर घेतला तेव्हा गार, मग हळूहळू कोमट. स्टूल जोडून झालं होतं, चारी पायांवर नीट उभं होतं, पत्रकातल्या नऊही पायऱ्या तिनंच लिहिलेल्या आणि आज तिनंच एकेक करून पाळलेल्या, तरी एक स्क्रू उरला होता. एरवी ती स्टूल उलटं करून शोधत बसली असती. आज मात्र त्या स्क्रूकडे बघत ती आपल्याला काय काय मिळणार ते मोजत होती. नाव मिळणार होतं. कॉम्प्युटरवर ती खेळते त्या खेळाच्या नव्या आवृत्तीबरोबर बदलांची यादी येते, तिच्या तळाशी ‘यांच्या सूचनेवरून’ अशी एक ओळ असते, त्या ओळीत. चाचणी गटात जागा मिळणार होती. जगभरातून बाराच माणसं घेतात, नवं काहीही आधी त्यांच्या हाती देतात. आणि आणखी एक… ते तिनं स्वतःशीसुद्धा धड उच्चारलं नव्हतं. कोणीतरी तिचं ऐकलं होतं.

सकाळी टेबलाखाली फोन धरून वाचलेला निरोप तिला आता पाठ झाला होता. ‘बांधकामातील भार ही आपली सूचना स्वीकारली आहे. बदल आज सायंकाळी पाच वाजता सर्वांना लागू होईल.’

खेळ तसा सरळ. तुम्हाला एका ओसाड मुलखात रिकाम्या हातानं सोडून देतात. झाडं तोडा, दगड फोडा, भट्टी लावून विटा भाजा, हत्यारं घडवा, आणि अंधार पडायच्या आत डोक्यावर छप्पर घ्या. भार म्हणून काही नव्हतंच त्यात. भिंत खालून काढून घेतली तरी छप्पर हवेत तसंच, आपल्याच जागी, निर्लज्जासारखं. चार महिन्यांपूर्वी तिनं सूचनांच्या पानावर लिहिलं, की ज्याच्याखाली आधार नाही ते पडावं. तुळई भिंतीत वीतभर तरी शिरलेली असावी. आणि शेवटी लिहिलं, ‘जुन्या बांधकामांनाही लागू करावे, नाहीतर नियमाला अर्थ नाही.’

हे शेवटचं वाक्य तिनं लिहिलं त्या दिवशी ती चिडलेली होती. घरी जोडायच्या फर्निचरची माहितीपत्रकं लिहिणं हे तिचं काम, आणि प्रत्येक पायरीचे स्क्रू वेगळ्या पुडीत द्यावेत ही साधी सूचना ती तिसऱ्यांदा घेऊन गेली होती, आणि तिसऱ्यांदा साहेब मान वर न करता म्हणाले होते, “लोकांना मोजता येतं हो, बाई.” तो राग कुठंतरी काढायला हवाच होता. मग काढला, जिथं कोणी आपलं ऐकणार नाही याची खात्री होती तिथं…

“उरला का एक?” नमुन्यांच्या खोलीचा रखवालदार दारात उभा. “मग मी नाही बाई बसत त्याच्यावर. पडणार कधी तेवढं सांगून ठेवा.”

“पाच वाजता,” ती म्हणाली.

तो मोठ्यांदा हसला. आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं, आणि स्क्रू तिनं घाईनं खिशात टाकला.

कारण पाच वाजता खेळातला एक सज्जा पडणार होता, आणि तो सज्जा नानांचा होता. नाना म्हणजे सासरे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. हाताला कंप सुटला तशी थापी खाली ठेवली. ठेवली म्हणजे ठेवावी लागली. शेवटच्या कामात दारावरची तुळई दोन बोटं कलती बसली आणि मुकादमानं ती त्यांच्यासमोर फोडून घेतली, दुसऱ्याकडून. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. नवऱ्यानं सांगितलं, जहाजावरच्या नोकरीला परत जाताना, ‘सांभाळून घे’ एवढं शेवटी जोडून. नाना वर्षभर खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या गिलाव्याला नावं ठेवत राहिले. मग एका रविवारी तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले, पाच मिनिटं बघितलं, आणि म्हणाले, “सूनबाई, सांधा मोडला नाहीस. विटेवर वीट, सांध्यावर सांधा, ही भिंत आहे की पत्त्यांचा कॅट?”

त्या दिवसापासून दोघांचा मुलूख एकच. ती लाकूड आणायची, भट्टी पेटती ठेवायची, नाना बांधायचे. उजवा हात माउसवर, आणि डाव्या हातानं उजव्याचं मनगट दाबून धरलेलं. हात कितीही थरथरला तरी वीट बसायची ती सरळच बसायची, खेळातली वीट चौकटीबाहेर जाऊच शकत नाही. हे कळलं त्या संध्याकाळी त्यांनी एका ओळीत साठ विटा लावल्या आणि न जेवता झोपले.

आणि शिकवायचे. ओळंबा काय, तुळईला भिंतीत किती शिरू द्यायचं, टेकू कधी काढायचे. ती ऐकायची, आणि ऐकलेलं सूचनांच्या पानावर स्वतःच्या नावानं लिहायची… लिहायची म्हणजे काय, भाषा तिचीच होती! नाना थोडेच लिहिणार होते. त्यांनी स्वतःहून मागितलं ते एकच, की अर्धी वीट करता आली पाहिजे, अर्ध्या विटेशिवाय कोपरा जुळत नाही. तेही तिनं लिहिलं. अकरा लोकांनी पाठिंबा दिला. भाराला सहा हजारांनी.

मग खेळात नानांनी डोंगराच्या कड्यावर घर बांधलं आणि घरातून बाहेर, दरीवर, सज्जा काढायला सुरुवात केली. खाली काही नाही. सात विटा बाहेर, मग पंधरा, मग वळसा घेऊन कड्याच्या दुसऱ्या टोकाकडे, तीन महिने. ती रोज बघत होती. तिला आपली सूचना रोज आठवत होती असं नाही. पण आठवायची तेव्हा ती स्वतःला सांगायची की आपल्या सूचना कुठं कोण घेतं. या एका गोष्टीवर तिचा पक्का भरवसा होता, आणि आज सकाळी नेमका तोच मोडला होता.

जेवणाच्या सुट्टीत तिनं जिन्यात उभं राहून घरी फोन लावला. सांगून टाकायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

“बोल,” नाना. पाठीमागं विटा बसल्याचा टक-टक आवाज.

“जेवलात?”

“जेवतो गं. कठड्याचं टोक आलंय. आज लवकर ये, दाखवायचंय.”

“नाना, मी काय म्हणते… सज्जा उभा कशावर आहे तुमचा?”

“कशावरच नाही!” पोरानं खोडी कबूल करावी तशा खुशीत ते म्हणाले. “तीच तर गंमत आहे.”

“पण तुम्हीच सांगता ना, की आधाराशिवाय…”

“अगं, ते खऱ्यातलं. चाळीस वर्षं टेकू लावले आणि टेकू मोजले मी. रात्री झोपेत मोजायचो, एखादा राहिला तर? तुझी सासू म्हणायची, माणसं मेंढ्या मोजतात, हे बांबू मोजतात. आता इथं कोण मरतंय? जरा बघू दे की, नुसतं बांधल्यावर कसं वाटतं ते.” टक-टक. “सूनबाई?”

“हं.”

“गप्प का?”

“जिना चढतेय,” ती म्हणाली. एका जागी उभी राहून.

दुपार सरकत नव्हती, आणि घड्याळ मात्र भराभर पुढं जात होतं. खेळवाल्यांना तिनं पत्र लिहायला घेतलं, की जुन्या बांधकामांना सूट द्यावी, पुनर्विचार व्हावा, आणि दुसऱ्या ओळीवर थांबली. सूट मागितली तर नाव राहील का? चाचणी गटात घेतील का, स्वतःच्याच शब्दाला न टिकणाऱ्या बाईला? म्हणजे मी सज्जा आणि नाव एकाच तराजूत घालते आहे, असं तिच्या मनात आलं, आणि त्यापेक्षा वाईट हे की तराजू पटकन एका बाजूला झुकत नव्हता. तिनं पत्र पुसलं. ते पोचलंच नसतं वेळेत, हे खरं होतं. हे खरं असल्याचा तिला आधार वाटला, हेही खरं होतं.

साडेतीनला डोकं दुखतंय सांगून ती निघाली. बसमध्ये खिडकीच्या काचेवर बोटानं तिनं सज्ज्याचा आकार काढला आणि टेकू कुठं कुठं लागतील ते मोजलं. एकतीस. खेळातल्या घराच्या पेटीत लाकूड एकोणिसांपुरतं.

ती आली तेव्हा चार पस्तीस झाले होते. नाना मागं न बघता म्हणाले, “चप्पल काढ आणि आधी इकडे ये.”

कठडा पुरा झाला होता. दरीवर, कशावरच नसलेला, संध्याकाळच्या खोट्या उन्हात लालबुंद. एका टोकाला दोघांसाठी दोन बैठका ठेवलेल्या.

“नाना, पाच वाजता नवा नियम येतोय.” आवाज पत्रकातल्या पायरीसारखा सपाट निघाला. “ज्याच्याखाली काही नाही ते पडणार.”

टक-टक थांबली.

“जुनंसुद्धा?”

पहिलाच प्रश्न हा. “जुनंसुद्धा,” ती म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. पडद्यावरून नजर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. “एकतीस लागतील,” ते म्हणाले. “लाकूड?”

“एकोणिसांचं. मी तोडून आणते.”

आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसली, झाडं तोडू लागली. आता सांग… या झाडानंतर सांग. नाना दरीतून टेकू वर चढवत होते, मनगट दाबून, ओठ मिटून.

“नियम बरोबर आहे पण,” ते एकदम म्हणाले.

तिची कुऱ्हाड थांबली.

“ज्यानं कोणी सुचवला ना, तो काम केलेला माणूस असणार. हातानं. जुन्यालाही लागू म्हणाला बघ, तिथं पक्केपणा कळतो. कच्चा असता तर जुन्याला सूट देऊन मोकळा झाला असता.” टेकू बसला. “तुळई वीतभर आत हवी, असंही म्हटलंय का?”

“हो.”

“बघ! माझ्यासारखाच कोणीतरी आहे.”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लाजेनं, असं तिला वाटलं. पण लाज अशी छातीत पसरत नाही, अशी गोड होत नाही. साहेबांनी तीन वेळा मान वर केली नव्हती, आणि इथं चाळीस वर्षं काम केलेला एक गवंडी, स्वतःच्याच सज्ज्याखाली टेकू लावता लावता, तिला पक्की म्हणत होता. तिला आणखी ऐकायचं होतं. म्हणूनच, फक्त म्हणूनच, नियम आपला आहे हे तिनं सांगितलं नाही.

“असेल कोणीतरी,” ती म्हणाली.

“भेटला तर सांग त्याला…”

“काय?”

“काही नाही. लाकूड आण.”

चार चौपन्नला बावीस टेकू झाले होते. नानांनी हात मागं घेतला, मांडीवर ठेवला. मोकळा सुटल्यावर तो चांगलाच थरथरू लागला. “बास,” ते म्हणाले. मग डाव्या हातानं खेळातला आपला माणूस चालवत सज्ज्याच्या त्या टोकाला नेला, जिथं नऊ टेकूंची जागा रिकामी होती, आणि तिथल्या बैठकीवर बसवला.

“मागं या नाना. बावीसवर आहे तो भाग राहील.”

“राहील ना. मग तो बघायला कशाला पाहिजे?” ते म्हणाले. “तू ये, हवं तर.”

ती गेली नाही. ती खेळातल्या घराच्या उंबऱ्यावर, भक्कम भिंतीखाली, उभी राहिली. पाचला यादी येईल आणि नाना ती वाचतील, ओळीखाली बोट धरून, सावकाश, तळापर्यंत, तिच्या नावापर्यंत. त्यांना घाई नसते. त्याआधी सांगायला तिच्याकडे पाच मिनिटं होती. मग चार. तोंड उघडलं की ‘भेटला तर सांग त्याला’ याच्या पुढचं कधीच ऐकायला मिळणार नाही, हे तिला कळत होतं, आणि त्या न बोललेल्या शब्दांची आपल्याला किती भूक आहे ते बघून ती स्वतःच दचकली. नाव मिळालं होतं, जागा मिळाली होती, ऐकणारे मिळाले होते, वर गवंड्याची शाबासकी. सगळं एकट्या तिला. आणि तीन महिने, नऊ टेकूंची ती मोकळी जागा, आयुष्यात पहिल्यांदा न मोजता बांधलेलं काहीतरी, ही किंमत भरणार होते ते एकटे नाना. कोणासाठी भरतो आहोत हेही ठाऊक नसताना, दरीकडे तोंड करून, मजेत बसलेले.