मुंढ्याची रेघ

तिने मुंढ्याची, बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईची, रेघ दोन सूत खाली ओढली, बाहीचा उतार तिला जुळवून घेतला आणि फाइल सेव्ह केली. आठवड्यातला हा सतरावा नमुना.

चहाचा कप घेऊन मागे उभा असलेला धाकटा दीर संगणकाच्या पडद्याकडे वाकला.

“वहिनी, हे बदल कुठे करताय तुम्ही?”

“माझ्याकडच्या प्रतीत. तुम्हीच तर आणून दिलीत.”

त्याने कप खिडकीत ठेवला, कमांडची काळी चौकट उघडली आणि एक ओळ टाइप केली. फोल्डरच्या नावापुढे बाण उमटला आणि बाणापुढे पत्ता. डिस्कच्या दुसऱ्या, सासऱ्यांच्या भागाचा.

“प्रत कुठली? मी नुसतं दार पाडून दिलं. तुमच्या घरातून दिसतं, पण खोली बाबांचीच. आत जे हलवाल, ते त्यांचंच हलतं.”

घरात संगणक एकच. दिरानेच त्यात लिनक्स घातलं होतं आणि डिस्कचे दोन भाग केले होते, एक तिचा, एक सासऱ्यांचा. सासऱ्यांच्या भागात त्यांच्या चाळीस वर्षांच्या शिंपीकामातले कटाईचे कागदी नमुने, रेघ न् रेघ उतरवून घेतलेले. मूळ कागदांचा हात लावताच भुगा व्हायचा. ते केव्हाच रद्दीत गेले. तिने घरी शिवण घ्यायला सुरुवात केल्यापासून सासरे तिच्याशी कामापुरतंच बोलत. नमुने हवेत, हे तिने दिराकरवी विचारलं, तेव्हा त्यांनी इतकंच म्हटलं होतं, बघू दे तिला. बदलण्याचा विषय निघालाच नव्हता. तिचं काम अडायला नको म्हणून दिराने लिहिण्याची परवानगीही देऊन ठेवली होती. ते आता आठवून तो मान खाजवू लागला.

“बॅकअप असेल ना?”

“पुढच्या रविवारी घेऊ, पुढच्या रविवारी घेऊ, असं चाललं होतं माझं.”

तिला हसू आलं नाही. सासरे दुकानात बसत तेव्हा त्यांच्या कागदाला दुसऱ्याची पेन्सिल टेकली, की तो कागद सरळ केरात जायचा, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. दीर म्हणाला, सगळ्या रेघा दोन सूत वर सरकवून ठेवा, त्यांना पत्ताही लागणार नाही. पण कुठली रेघ दोन सूत उतरवली आणि कुठली नजरेच्या अंदाजाने, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आणि पत्ता लागणार नाही, हे तर दीरसुद्धा दुसरीकडे बघत म्हणाला होता.

ती उठली. पदराला चिकटलेले दोरे एकेक करून काढले, बोटांत त्यांची गोळी वळली, मग पलीकडच्या खोलीत गेली. सासरे खिडकीपाशी जुन्या कोटाची शिवण उसवत बसले होते.

“बाबा, तुमचे सतरा नमुने मी बिघडवले. मला वाटलं, माझी प्रत आहे.”

त्यांनी ब्लेड थांबवलं नाही. एक टाका उसवला, दुसरा उसवला.

“सोळा. सतरावा मी अजून पाहिला नाही.”

ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

“सकाळी तू बाहेर पडलीस की बघतो,” ते म्हणाले. “आमच्या वेळचा मुंढा काखेत काचायचा, हे खरंय. पण दोन सूत उतरवलास, तर हात वर करताना अख्खा कपडा वर येतो. दीड पुरे. मोठी मापं दीडवर आणलीत मी.”

मागून आलेल्या दिराने घसा साफ केला. वहिनींची लिहिण्याची परवानगी काढून टाकू का, त्याने विचारलं. एका ओळीचं काम होतं.

सासऱ्यांनी कोट बाजूला ठेवला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला.

“नको. बाही कुठे जोडायची त्याची खाच द्यायला ही विसरते. तेवढी मी देत जाईन.”

तिने आत जाऊन संगणकापुढची खुर्ची मोकळी केली आणि शेजारी एक स्टूल ओढून घेतलं.