ओला फोटो

"त्याची मान थोडी वर घ्या, सिस्टर. डोळ्यांवर सावली पडतेय," काळ्या कापडाखालून सूर्यकांत म्हणाला.

नर्स कांतानं मेलेल्या माणसाच्या मानेखाली चादरीची घडी सरकवली. दवाखान्याच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर तो पडला होता. सकाळी पावर हाउसच्या रस्त्याकडेला सापडला. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. खिशात काही नव्हतं. मे महिन्यात प्रेत संध्याकाळच्या पुढं ठेवता येणार नव्हतं. तोवर फोटो दाखवून घरचं माणूस शोधायला हवं होतं.

सूर्यकांत दुर्गचा. नव्या पोलाद कारखान्याच्या बांधकामावर तो तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्यानं भट्ट्यांचे, चिमण्यांचे, पाहुण्यांचे फोटो काढायचा. साधी फिल्म धुवून वाळेपर्यंत अंधार पडला असता. पण मायदेशी परतताना एक परदेशी इंजिनियर मिनिटभरात फोटो देणारी फिल्म त्याला देऊन गेला होता. तिच्या दोनच शीट उरल्या होत्या.

पहिली उष्म्यानं बिघडली. कागद सोलला, तर चेहऱ्याच्या जागी काळा डाग.

"आता?" कांतानं विचारलं.

"एकच आहे. तोंड मिटेल का हो? असं पाहून घरचेही ओळखणार नाहीत."

कांतानं ओल्या रुमालानं चेहरा पुसला, जबडा दाबून धरला. कॅमेऱ्याच्या काचेवर तो चेहरा उलटा दिसत होता. सूर्यकांतच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला.

"सोडा!"

तिनं हात काढला, त्यानं बटण दाबलं. ही तरी उष्म्यानं बिघडू नये म्हणून शीट त्यानं मिनिटभर गार माठाला टेकवून धरली. मग त्यानं कागद हळूच सोलला. चेहरा आला होता.

ओला फोटो कडांना धरून तो मजुरांच्या झोपड्यांत गेला. एकेक जण वाकून बघायचा आणि मान हलवायचा. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली.

"भागाबाई हाय," कोणीतरी म्हणालं. "तिचा नवरा कवडू परवापासून आला नाही."

भागाबाईनं फोटोकडं पाहिलंच नाही. "तुमीच सांगा, साहेब. मिशा हायेत का?"

"आहेत."

तिचा हात छातीशी गेला. "मंग मले नोका दाखवू."

"बाई, बघावं लागेल."

तिनं पाहिलं. आणि मोठ्यानं हसली. "नाही! माहा नाही हा!" हसता हसता तिच्या ध्यानात आलं की सगळे गप्प आहेत. तिनं तोंडाला पदर लावला आणि गर्दीतून निघून गेली.

दिवस कलेपर्यंत सूर्यकांत दारोदार फिरला. त्या माणसाला कोणीच ओळखलं नाही.

मसणवट्याच्या फाटकापाशी गाडीतून तिरडी उतरवली तेव्हा दवाखान्याचे दोन शिपाई आणि सूर्यकांत, तिघंच होते. चौथा खांदा नव्हता. तेवढ्यात रस्त्यानं भागाबाई येताना दिसली. मागं चुनखडीच्या धुळीनं पांढरा झालेला एक माणूस. कवडू अहिवाऱ्याच्या खाणीवर कामाला अडकला होता, नुकताच परतला होता.

"उभे कावून राहिले? खांदा द्या," भागाबाई त्याला म्हणाली.

कवडूनं सूर्यकांतकडं पाहिलं. "साहेब, आल्यापासून रडून राहिली. जेवू देईना मले."

"मी हासली, साहेब," ती म्हणाली. "त्याचं तोंड पाहून हासली."

सूर्यकांतनं तिरडीचा एक बांबू धरला, कवडूनं दुसरा. चौघांनी तिरडी उचलली. भागाबाई फाटकाबाहेरच थांबली. तिनं पायांतल्या चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, आणि मयताच्या घरची बाई बसते तशी मातीत बसली.