तेरा कोऱ्या ओळी

आधीच माफी मागते. माझ्या पानांवर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, आणि शब्दही साधेच आहेत. माझ्या सर्वेशने नववीत शाळा सोडली. मला जे येतं ते त्याच्याकडूनच आलंय. मी त्याची भूगोलाची वही बोलतेय.

माझ्या पहिल्या अकरा पानांवर नद्या आणि खडक आहेत. मग त्याच्या बाबांनी अंथरूण धरलं, तो मरोळच्या एका कारखान्यात खोके भरायला लागला आणि मी दोन वर्षं माळ्यावर पडून राहिले. एक दिवस त्याने मला झटकून खाली काढलं आणि बाराव्या पानावर लिहिलं, 'बागेत हिरवा पक्षी. टुक टुक आवाज. तेव्हा गळा फुगतो.'

तेव्हापासून कामावर जाण्याआधी आम्ही दोघं बागेतल्या बाकावर बसायचो. माणसांशी बोलताना तो अडखळतो. माझ्याशी कधीच नाही.

या वर्षी मे महिन्यात त्याच्या जुन्या वर्गातली अक्षता बागेत आली.

"अजून वहीत लिहितोस? काय रे!" ती हसली. "हे ॲप बघ, पक्ष्याचा आवाज ऐकवला की फोन नाव सांगतो."

सर्वेशचे कान लाल झाले. त्याने तिच्याकडून ते ॲप आपल्या फोनमध्ये घेतलं. पाच मेच्या नोंदीनंतर माझ्यात एक अक्षर उमटेना. फोनला उशाशी जागा मिळाली, मला पिशवीत डब्याखाली. डब्यातलं तेल माझ्या कोपऱ्यात मुरलं. खरं सांगते, मी जळत होते. फोन खाली पडावा, फुटावा, असं रोज मनात यायचं.

अठरा मेला बागेत झाडं छाटणारी गाडी आली. गुलमोहराची एक फांदी चालायच्या वाटेवर वाकली होती. तिच्यावर कावळ्याचं घरटं होतं.

"काका, ही नको ना," सर्वेश गाडीबरोबरच्या मुकादमांना, मधुकर काकांना म्हणाला. "पिल्लू आहे."

मधुकर काका वैतागले. "गाडी रोज मिळते का रे? कसलं पिल्लू?"

अक्षताने फोन वर धरला. पिल्लू ओरडलं. फोन म्हणाला, कावळा.

"घ्या! कावळ्यासाठी गाडी थांबवू?" काका हसले. माणसंही हसली.

सर्वेशचा हात पिशवीत गेला. डबा बाजूला सरकला. मी बाहेर आले.

"काका, कोकिळेचं आहे ते. अंगावर ठिपके बघा. ओरडतं कावळ्यासारखं, म्हणून कावळी भरवते." तो माझी पानं उलटत होता. "गेल्या वर्षी याच झाडावर दोन मेला दिसलं, चोवीसला उडालं. बावीस दिवस. हे चार मेला दिसलंय."

काकांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे सव्वीस. आठ दिवस राहिले?"

"हो."

"सव्वीसला मी स्वतः येणार. नाही उडालं तर तुलाच वर चढवीन." मग त्यांनी माणसांना हाक मारली. "ए, ही राहू दे रे. पुढचं झाड घ्या!"

अक्षता माझ्याकडे बघत राहिली. "सर्वेश, हे सगळं तू रोज लिहिलंस?"

 मी तिच्या हातातल्या फोनकडे बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाकावर बसला. पाच मेची नोंद काढली. त्यानंतर जेवढे दिवस गेले तेवढ्या ओळी कोऱ्या सोडल्या. तेरा. चौदाव्या ओळीवर लिहिलं, '१९ मे. ६.४०. कावळी आली. घास दिला.'

"मी लिहू एक?" अक्षताने विचारलं.

त्याने पेन दिलं. मला विचारलंसुद्धा नाही. '६.५२. परत आली,' तिने लिहिलं. अक्षर गोल, नीटस, एकही चूक नाही. मी पुन्हा जळले.

मग बाजूला पाहिलं. तिचा फोन बाकावर पालथा पडला होता. मला त्याची दया आली. थोडीच.