कोळशासाठी वर केलेला हात

भट्टीच्या कुशीला भेग पडली होती. तेओफिलाने ओंजळभर चिखल तिथे थापला, वर कांदळाची ओली पाने दाबली आणि कान लावून ऐकले. आत लाकूड नीट धुमसत होते. धूर अजून पांढरा होता. तो निळसर झाला की कोळसा पडला असे समजायचे. तोवर आत वारा शिरता कामा नये, नाहीतर सगळ्याची राख.

मागे पावले वाजली. बोका व्हिएहा गावात चिखलातून बूट घालून चालणारा एकच माणूस होता. तिचा मुलगा लिसिनियो हातात दोन बादल्या घेऊन उभा होता. अंगात प्रकल्पाच्या नोकरीत मिळालेला हिरवा शर्ट, खिशावर शिवलेले झाड.

"आई, बाजूला हो."

"जेवलास का?"

"धूर खाडीच्या तोंडापासून दिसतोय. उद्या राजधानीतून पाहुणे येतायत."

"मग सांग त्यांना, म्हातारी कपडे वाळवतेय."

"धुरावर?"

"या पावसात दुसरं आहे काय?"

त्याच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्याने हसू गिळले. बादल्या खाली ठेवल्या नाहीत.

"ही भट्टी माझ्यासाठी नाही रे," तेओफिला म्हणाली. "गॅसच्या सिलिंडरची होडी आलेली नाही. युफेमियाच्या घरी पोरं भिजवलेलं पीठ खातायत. ओलं लाकूड नुसतं डोळ्यांत जातं. बायका माझ्याकडे आल्या, मागच्या दारानं का होईना, पण आल्या. सभेनंतर पहिल्यांदा."

ती सभा गावात कुणी विसरले नव्हते. इकडे कोळशाला कार्बोन म्हणतात. शहरातून आलेल्या इंजिनिअरने सांगितले होते की एका मोठ्या कंपनीला तुमचा कार्बोनो विकत घ्यायचा आहे. शेवटचा तो 'ओ' तेओफिलाने ऐकला होता, नाही असे नाही. पण शहरातली माणसे शब्द चघळत बोलतात, त्यातलाच हा प्रकार असेल असे तिला वाटले. तिने सगळ्यांत आधी हात वर केला. एवढ्यावर थांबली असती तरी बरे होते. ती मागे वळून ओरडली, "अगं बायांनो, बघता काय? आपला कोळसा न्यायला माणूस दारात आलाय, करा हात वर!" कोळसा पाडण्यात तिचा शब्द गावात शेवटचा. सगळे हात वर गेले.

मग हळूहळू उलगडा झाला. कार्बोनो म्हणजे झाडे हवेतून ओढून घेतात आणि खोडात, मुळांखालच्या चिखलात पुरून ठेवतात ते. ती कंपनी विमानांची होती. विमाने आकाशात जो धूर सोडतात त्याचे पाप फेडायला तिला जमिनीवर अशी झाडे हवी होती, जिवंत, आणि कुऱ्हाड न लागलेली. विमाने उडायची तशीच उडणार होती. फक्त बोका व्हिएहाच्या भट्ट्या विझणार होत्या.

तेओफिलाला याचा संताप येई तो झाडांवरून नव्हे. झाडे तिलाही हवी होती. तिच्या आईने तिला शिकवले होते, जाड झाडाला हात लावायचा नाही, त्याच्याच बिया पाण्यात पडतात. एका खाडीत तोडले की तिथली रोपे डोक्यावर जाईपर्यंत तिकडे फिरकायचे नाही. आजीच्या वेळेपासून कोळसा पडत होता आणि कांदळ उभे होते. खालच्या नदीवर कोळंबीच्या तळ्यांसाठी किनारेच्या किनारे बोडके केले, त्यांच्या दारात मात्र कुणी हिरवा शर्ट गेला नाही.

"बाजूला हो ना, आई."

"सभेत तू माझ्या शेजारी बसला होतास, लिसिनियो."

"बसलो होतो."

"तू शहरात शिकलायस. ते दोन शब्द वेगळे आहेत, हे तुला ठाऊक होतं."

त्याने एक बादली खाली ठेवली आणि हातातली वर उचलली.

"मी हात वर केला तेव्हा माझी बाही का ओढली नाहीस?"

पाणी भट्टीवर पडले. चिखलाचे कवच फुटले आणि फुस्सकन वाफ वर आली. तेओफिला मागे सरकली. तिला उत्तर मिळाले होते, ते त्याच्या अंगातच होते. दुसरी बादली ओतताना तो म्हणाला, "कुणीतरी घालणारच होतं हा शर्ट," आणि ते त्याने इतक्या हळू म्हटले की तिला ऐकू न आल्यासारखे करता आले.

अर्धी भट्टी भिजली. उघडी पडलेली अर्धी भडकून राख झाली. मधल्या भागातून टोपलीभर कोळसा तेवढा हाती लागला. तेओफिलाने तो एकेक तुकडा वाजवून निवडला आणि घरोघरी मूठमूठ वाटायचा म्हणून झाकून ठेवला.

पाहुणे आले, तेव्हा पावसाने जरा दम घेतला होता. सोबत एक सिन्योरा, म्हणजे बाईसाहेब होती, ती कंपनीकडून झाडे बघायला आली होती. बोलायला गोड, वागायला साधी. चिखलात पाय रुतला तेव्हा स्वतःच हसली. पुरुषमंडळींनी त्यांना फळ्यांवरून कांदळात नेले. तिथे खोडांना फीत गुंडाळून मापे घेणे चालले होते. इकडे सभेच्या छपराखाली बायका स्वयंपाकाला लागल्या. नारळाच्या दुधातला भात उतरला. तांबोशी माशांना मीठ, लिंबू चोळून झाले. तव्यावर पहिली तुकडी पडली आणि शेगडीची ज्योत पिवळी होऊन विझली.

युफेमियाने सिलिंडर हलवला, आडवा केला, त्याला लाथ घातली.

"गेला," ती म्हणाली. "तरी सांगत होते, पाहुण्यांना नारळपाणी पाजा आणि परत पाठवा."

निरोप लिसिनियोपर्यंत गेला. तो धावत आला. त्याने शेगडी पाहिली, कच्चे मासे पाहिले, दाराशी पडलेली ओली लाकडे पाहिली. मग तो आईपुढे येऊन उभा राहिला.

"आई, थोडा आहे का?"

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

"मला कुठलं माहीत? मला कळत असतं तर ही वेळ आली असती का?" तेओफिलाने सरळ त्याच्याकडे पाहिले. "कुठला हवाय तुला? कार्बोन, का कार्बोनो?"

बायकांचे हात थांबले.

"कार्बोन," तो पुटपुटला.

"जोरात बोल. सभेत तर सगळ्यांना खुर्च्या मांडून देताना चांगला आवाज फुटत होता."

"कार्बोन, आई. कोळसा."

तेओफिलाने युफेमियाकडे पाहिले. टोपलीवर हक्क आता तिचा आणि तिच्यासारख्यांचा होता. युफेमियाने क्षणभर ओठ आवळले, मग खांदे उडवले. "दे. पाहुणा उपाशी गेला तर उद्या त्याचंही खापर आपल्याच डोक्यावर." घरोघरी जायची ती मूठमूठ छपराखालच्या दगडांमध्ये गेली. धूर न करता निखारे फुलले आणि तांबोशीची चरबी त्यांवर ठिबकू लागली.

जेवताना सिन्योराने बोटे चाटली. दुसरा तुकडा मागून घेतला.

"खरं सांगू? राजधानीत एवढी हॉटेलं आहेत, पण हा वास, ही चव कुठे नाही. कशावर भाजलंय तुम्ही?"

सरपंचाला ठसका लागला. लिसिनियोने मान खाली घालून भातातला एक दाणा इकडून तिकडे नेला. सिन्योरा हसतमुखाने सगळ्यांकडे पाहत राहिली, वर्गात प्रश्न विचारून थांबलेल्या बाईसारखी.

तेओफिलाने हात वर केला. त्या दिवसासारखाच, सगळ्यांत आधी. तो मनगटापर्यंत काळा होता.

"कार्बोनोवर, बाई," ती म्हणाली.

आधी युफेमिया फिस्सकन हसली. मग तिच्या शेजारची, मग चुलीजवळच्या सगळ्याजणी. सभेनंतर ज्या तिला पाहून होडी दुसऱ्या काठाला घेत, त्या आता एकमेकींच्या पाठीवर चापट्या मारत हसत होत्या. तेओफिलालाही हसू आले. हे हसू मिळवायला भट्टी जावी लागली होती.

सिन्योरानेही टाळ्या वाजवल्या. "बघा!" ती आपल्या माणसांकडे वळून म्हणाली. "आजींनासुद्धा शब्द कसा पाठ झालाय. गावानं किती मनापासून स्वीकारलंय हे!"

लिसिनियो तेवढा हसला नाही. तेओफिला गुडघे धरून उठली आणि उठताना तिने आधाराला त्याचा खांदा धरला. हिरव्या शर्टावर पाची बोटे उमटली. त्याने वर पाहिले तेव्हा ती उष्टी ताटे उचलायला निघून गेली होती.