चौऱ्याऐंशी नंबरची पट्टी

आमच्या चर्चमध्ये गीतांना नावाने कोणी ओळखत नाही, नंबराने ओळखतात. चौऱ्याऐंशी नंबर म्हटलं की म्हाताऱ्यांचे चेहरे उजळायचे. ते सगळ्यांना तोंडपाठ, आणि त्याची तिसरी ओळ अशी उंच चढते की ती गाता आली म्हणजे माणसाला वाटतं, आपण अजून कामातून गेलेलो नाही. ते गीत मी तेहतीस वर्षं ऑर्गनवर वाजवत आले. त्यातली वीस वर्षं लबाडीने वाजवलं.

लबाडी म्हणजे बेसूर नव्हे, तेवढी अवदसा मला आठवलेली नाही. पुस्तकात ज्या पट्टीत छापलंय त्याच्या खालच्या पट्टीत मी वाजवायची. झालं असं की एका रविवारी नर्सबाईचा आवाज तिसऱ्या ओळीवर अडखळला. नर्सबाई म्हणजे माझी मैत्रीण, आम्ही लहानपणी एकाच बाकावर बसून चिमटे काढत मोठ्या झालो. इस्पितळातून निवृत्त होऊनही जमाना झाला, तरी सगळे तिला नर्सबाईच म्हणतात, मीसुद्धा. तर पुढच्या रविवारी मी गुपचूप अर्धा सूर खाली उतरले. नर्सबाई खणखणीत गायली. कोणाला पत्ता लागला नाही. मग काही वर्षांनी आणखी अर्धा. असं करत करत मी पुरे दोन सूर खाली आले, आणि समोरची मंडळी समजत राहिली की देवाच्या कृपेने आपला आवाज तिशीत होता तसाच आहे.

मी पोटासाठी शिवणकाम करते. गिऱ्हाईक सुटलं की कोटाची शिवण आतून अर्धा इंच सोडायची आणि वर म्हणायचं, ‘अजून तस्साच बसतो की तुम्हाला.’ तसंच हे.

मग नवे पाळक आले. तरुण, हसतमुख, आणि तोंडात एकच शब्द : समतोल. जुन्या-नव्या संगीताचा समतोल, पिढ्यांचा समतोल. माणूस वाईट नाही, पण एका बैठकीत तो शब्द मी अकरा वेळा मोजला. तरुण मुलं चर्चला येईनाशी झाली होती हे खरंच होतं. त्यांच्यासाठी बँड उभा करायचा ठरला, आणि तो उभा कोणी करावा? माझ्याच दिवट्याने. माझा एकुलता एक लेक, अठ्ठावीस वर्षांचा, दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतो आणि संध्याकाळी गिटार. पहिले सूर मीच शिकवले त्याला, मांडीवर बसवून.

बैठकीत पाळकांनी विचारलं, “ऑर्गन आणि बँड एकत्र वाजू शकतील का?”

माझा लेक म्हणाला, “वाजतील. पण खरं सांगू का, ऑर्गन गाणं मागे खेचतो. दर ओळीला थांबतो.”

आठ माणसांसमोर म्हणाला. सकाळी माझ्या हातचं खाऊन गेला होता. दर ओळीला मी थांबते ते पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पोस्टमनकाकांना श्वास घेता यावा म्हणून. त्यांचं एक फुप्फुस निकामी झालंय. पण हे तिथे कोणाला सांगणार? मी मान खाली घालून राग गिळत बसले.

ठरलं असं : एका रविवारी नमुना करून बघायचा. दोन जुनी गीतं, दोन नवी, आणि चौऱ्याऐंशी नंबर सगळ्यांनी मिळून, बँडसकट. त्याच्या पुढच्या रविवारी मंडळीने चिठ्ठ्या टाकायच्या : जुनं हवं, नवं हवं, की निम्मं-निम्मं. मला मनातून हसू येत होतं. मंडळीतले दोन तृतीयांश लोक साठीच्या पुढचे. चिठ्ठ्या काय निघणार ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

शनिवारी दुपारी सराव झाला. बाकांच्या मधून वायरी टाकलेल्या, त्यांवर काळी चिकटपट्टी. वेदीजवळ ड्रम. गाणारी मुलगी एकोणीस-वीसची, तिसरी ओळ तिने अशी उचलली की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढावा. मी तिच्याबरोबर वाजवत होते. पुस्तकातल्या पट्टीत. किती वर्षांनी माझी बोटं त्या जागी पडत होती.

गाणं संपल्यावर लेक माझ्याकडे आला. गिटार पाठीवर टाकून, ऑर्गनवर कोपर टेकून म्हणाला, “आई, पट्टी पुस्तकातलीच घेतलीये. मंडळीला जमेल ना? तुला जास्त माहिती.”

‘तुला जास्त माहिती’ म्हणाला तो. एवढं म्हणाला, तरी माझा राग उतरला नाही. ‘दोन सूर खाली घे,’ एवढंच सांगायचं होतं. तीन सेकंदांचं काम. पण माझ्या डोळ्यांपुढे उद्याचा रविवार उभा राहिला : म्हातारे तिसऱ्या ओळीवर अडकलेत, वळून बँडकडे डोळे वटारून बघतायत, आणि माझ्या लेकाचं नाक चांगलं खाली झालंय.

“पुस्तकात आहे म्हणजे बरोबरच असणार,” मी म्हणाले.

ऑर्गनवर एक छोटा आरसा लावलेला असतो, वाजवणाऱ्याला मागचं दिसावं म्हणून. रविवारी त्या आरशात मी सगळं पाहिलं. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसरी आली. पोस्टमनकाकांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मागच्या बायकांचा आवाज अर्ध्यात विरला. नर्सबाई मात्र कधीच हळू गायली नाही, तिने नेहमीसारखा मोकळा गळा लावला. तो वर गेला आणि चिरकला. सगळ्या चर्चला ऐकू जाईल असा. कोणीतरी लहान पोर खुदकन हसलं आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

नर्सबाईने गळ्यावर हात ठेवला. मग पुस्तक मिटून मांडीवर घेतलं. शेवटच्या कडव्याला फक्त बँड गात होता, फार सुंदर गात होता, आणि साथीला माझा ऑर्गन. मला आनंद झाला. देवाच्या घरात बसून झाला, खोटं कशाला सांगू? आता बाहेर चहाच्या वेळी सगळे बँडवर तुटून पडतील म्हणून मी घाईघाईने अंगणात गेले.

कोणी तुटून पडलं नाही. पोस्टमनकाका बशीत चहा ओतत म्हणाले, “पोरं छान गातात हो. आपलाच दम संपला.”

“तेच म्हणते मी,” कोणीतरी म्हणालं. “उगाच मध्ये लुडबुड कशाला करायची आपण?”

नर्सबाई चहाला थांबलीच नव्हती.

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पण बोलायचं म्हणजे काय काय बोलायचं? की तुमचे आवाज वीस वर्षांपूर्वीच बसलेत, मी तुम्हाला झाकत आले, आणि आज मुद्दाम उघडं पाडलं? मी कपातला चहा संपवला. आठवडाभर माझी जीभ उचलली नाही.

चिठ्ठ्या निघाल्या एकशे चौदा. त्यातल्या एक्क्याऐंशींवर ‘नवं’. त्यांतल्या निम्म्याहून जास्त म्हाताऱ्यांनीच टाकलेल्या. पाळकांना गहिवरून आलं. म्हणाले, “आपल्या ज्येष्ठांनी केवढं मोठं मन दाखवलं!” आणि समतोल म्हणून, जुन्यांचा मान म्हणून, दर रविवारी एक जुनं गीत ठेवायचं जाहीर केलं. कुठलं, ते विचारायलाच नको. लेकाने माझ्याकडे पाहिलं. जिंकल्यासारखा दिसत नव्हता तो, बावचळला होता. घरी आल्यावर म्हणाला, “आई, सगळे गप्प का झाले? मी काय चुकीचं केलं?” मी त्याला खरं सांगितलं. त्याने गिटार पाठीवरून उतरवून भिंतीला टेकवली. मग एवढंच म्हणाला, “माझ्यावर राग होता तर मला मारायचं होतंस.”

दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईकडे गेले. दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. खिडकीशी रक्तदाब मोजायचं यंत्र, शेजारपाजारचे येऊन मोजून जातात. माझाही दंड तिने न विचारता धरला आणि पट्टा गुंडाळला.

“वाढलाय,” ती म्हणाली. “चिठ्ठीचं मनाला लावून घेतलंस ना? मीसुद्धा नव्यालाच टाकली, तुझ्यापासून काय लपवू. त्या दिवशी माझी इतकी शोभा झाली... आता नाही गं व्हायचं माझ्याच्याने.”

“तुझा आवाज गेलेला नाही,” मी म्हणाले. “पट्टी वर होती. रोजच्यापेक्षा दोन सूर.”

मग सगळंच सांगितलं. वीस वर्षांचं. ती पट्टा सोडत सोडत ऐकत होती. मला वाटलं हसेल, चापट मारेल, म्हणेल, मेले, आधी नाही सांगायचंस!

“म्हणजे वीस वर्षं तू मला फसवत होतीस,” ती म्हणाली. “त्याचं काही नाही. माझ्यासाठीच केलंस. मीही पेशंटला खोटं सांगितलंय, बरे व्हाल म्हणून.” तिने यंत्र पेटीत ठेवलं, झाकण लावलं. “पण त्या रविवारी वाजवायला बसलीस तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“मी मोठ्याने गाते, हेही माहीत होतं?”

मी दंडावरची बाही खाली ओढली.

“चहा ठेवत नाही आज,” ती म्हणाली. “दूध संपलंय.”

पुढच्या रविवारी लेकाने पट्टी बरोब्बर दोन सूर खाली आणली होती. ड्रम बंद ठेवायला लावला. ओळीच्या शेवटी बँड थांबवायचा, हेही त्याने आपणहून शिकून घेतलं होतं. गाणाऱ्या मुलीला तो म्हणाला, तू हळू गा, मंडळीला पुढे येऊ दे. इतकं नीट चौऱ्याऐंशी नंबर आमच्या चर्चमध्ये याआधी कोणी वाजवलं नसेल.

मी आरशात बघत होते. सगळे उभे होते, पुस्तकं उघडून, आदबीने. तिसरी ओळ आली. कोणालाही सहज जमली असती. नर्सबाई आरशातून थेट माझ्याकडे बघत होती, ओठ मिटून. ओळ संपली, बँड थांबला, मीही थांबले, पोस्टमनकाकांना श्वास घेता यावा म्हणून. ते गातच नव्हते.