पेंढ्याचा कोलार

या मित्रांनो, बसा. फक्त माझ्या सावलीत बसू नका. इथली माणसं अजून ती टाळून जातात. मी एक जुना ओकचा खांब आहे. आज मेंढ्या माझ्यावर पाठ घासतात, पण एके काळी मी फाशीचा खांब होतो.

फ्रान्समधल्या पिकार्दी प्रांतात, व्होकूर गावच्या रानात मी वाढलो. इतका उंच, की माझ्या फांद्यांत ढग अडकायचे आणि गुराखी ते काठीने सोडवायचे. खोटं वाटत असेल तर ढगांना विचारा. गावच्या सुताराने माझ्या अंगावर थाप मारून म्हटलं होतं, "हा पाणचक्कीत बसवू. नातवंडांच्या नातवंडांचं दळण दळेल." त्या दिवशी मी आनंदाने सगळी पानं सळसळवली.

पण आमचा जहागीरदार गोबेर याला वेगळीच खाज होती. आमच्याकडे न्यायाच्या तीन पायऱ्या. खालच्या पायरीवर कोंबडी, कुंपण, शिवीगाळ. थोडा दंड भरला की सुटका. मधल्या पायरीवर डोकी फोडणारे. वरच्या पायरीवर माणसाचा जीव. हा वरचा हक्क ज्याचा, त्यानेच फाशी उभारायची. साध्या जहागीरदाराला दोन खांब, बॅरनला चार, काउंटला सहा. गोबेरकडे होती फक्त खालची पायरी. व्होकूरचा वरचा हक्क ओढ्यापलीकडच्या मठाचा. जेवताना गोबेरला खिडकीतून मठाचे खांब दिसत, आणि घास घशाखाली उतरत नसे.

शेवटी त्याने मला आणि माझ्या शेजाऱ्याला तोडलं, टेकडीवर पुरलं आणि वर आडवं लाकूड ठोकलं. पण रिकाम्या फाशीने हक्क सिद्ध होत नाही. तिला माणूस लागतो.

त्याच सुमारास कोलार विणकराच्या मधमाश्यांचा थवा उडाला. आमचा रिवाज सरळ आहे: भांडं बडवत जो माश्यांच्या मागे धावेल, त्याच्या त्या, मग त्या कुठेही बसोत. त्या बसल्या गोबेरच्या झाडावर. कोलार चढला, थवा टोपलीत घेतला आणि उतरला तो थेट शिपायांच्या हातात.

त्याची बायको मारोई गोबेरपुढे उभी राहिली. "मालक, मी स्वतः पातेलं बडवत होते! सगळ्या गावाचे कान किटले."

"मला नाही ऐकू आलं."

"तुम्ही जेवत होतात! बरं, चोरी म्हणा. दंड करा. हा खालच्या पायरीवरचा मामला आहे."

"आता माझ्याकडे वरचीही पायरी आहे, बाई," गोबेरने खिडकीतून आमच्याकडे बोट दाखवलं.

मारोई धावत मठात गेली. मठाचा कारभारी रिकिए ऐकता ऐकता लालबुंद झाला. "गोबेर फाशी देणार? आमच्या हद्दीत?"

"मग चला ना, बाबा! लवकर चला!"

"येऊ की. आधी त्याला रीतसर ताकीद जायला हवी."

ताकीद गेली आणि गोबेरने ओळखलं, मठवाले येणार. ते यायच्या आत त्याने कोलारला टेकडीवर आणलं. मागे बांधलेले त्याचे हात माझ्या अंगाला लागले; गार होते. तो म्हणाला, "मारोईला सांगा, टोपली उन्हात ठेवू नकोस." मग आडवं लाकूड करकरलं. माझ्यावर धान्याचं ओझं यायचं होतं, मित्रांनो.

मठाने गोबेरवर खटला भरला; तो दोन हिवाळे चालला. तोवर मारोई खाली उभी राहून कावळे हाकलायची. त्याला पुरू देत नव्हते. "उतरवला तर हक्क सोडल्यासारखं होईल," गोबेर म्हणे. "आम्ही हात लावला तर त्याची फाशी मान्य केल्यासारखं," रिकिए म्हणे. वकील इतके बोलले, की कावळेसुद्धा लॅटिन शिकून उडून गेले.

राजाच्या न्यायाधीशाने निकाल दिला: हक्क मठाचा; गोबेरने मठाचा माणूस परत करावा. पण तोवर परत करायला उरलं होतं काय? अशा वेळची रीत ठरलेली आहे. पोत्यात पेंढा भरला, त्याला टोपी घातली आणि गोबेरने तो कोलार म्हणून माझ्या पायाशी आणून दिला. रिकिएने तिथेच न्यायासन मांडलं. पेंढ्याला उभं केलं, साक्षीदार बोलावले. पातेलं सगळ्या गावाने ऐकलं होतं.

"निर्दोष!" रिकिए म्हणाला. "कोलारला सोडा." लोकांनी टोप्या उडवल्या.

मारोई पुढे आली. "म्हणजे हा आता घरी येणार?"

"कायद्याने, हो."

"मग सांगा त्याला, चल म्हणावं. माग कधीचा बंद पडलाय."

तेवढ्यात रिकिएच्या घोड्याने मान लांबवून निर्दोष माणसाच्या गुडघ्यातून पेंढ्याचा घास ओढला. शिपाई धावले. मारोईने त्यांना अडवलं. "खाऊ द्या. तो तरी पोटासाठी खातोय."

मग आम्हाला बुंध्याशी कापलं. मठाने स्वतःचे दोन खांब राखले. ते मजबूत आहेत. मी या मेंढवाड्यात आलो. वसंतात थवा उडाला की मारोई अजून पातेलं घेऊन निघते. माश्या कुठेही जावोत, ती आधी गोबेरच्या खिडकीखाली उभी राहते आणि तो जेवत असताना बडवत राहते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी न्यायाच्या बाकावर बसेल, कोणी त्या बाकापुढे उभा राहील. निवाडा कुणी करायचा यावर दोन मोठी माणसं भांडताना दिसली, तर त्यांना भांडू द्या. तुम्ही फक्त मागे जा आणि बांधलेल्याचे हात आधी सोडा. मला हात नव्हते.