बेडकाच्या जबड्यात

सकाळपासून अकरा जण येऊन गेले होते, आणि अकराही जणांकडे म्हणे राजाच्या काळातली वस्तू होती. एकतीस वर्षं मी जुन्या वस्तू पारखतो आणि एकतीस वर्षं लोकांचे पडलेले चेहरे बघतो. वैताग येतो हो. पाठ तर दुपारीच संपावर जाते.

बारावी पाळी एका बहीणभावाची होती, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. भावानं रुमालातून लाकडी बेडूक काढून टेबलावर ठेवला. मुठीएवढी डबी. वरचा जबडा उचलला की आत बटणं, सेफ्टी पिना ठेवायची जागा.

"आमच्या आईची. ती लाकूडकामाच्या कारखान्यात होती, तिनंच कोरलीय," भाऊ म्हणाला. "बाकी सगळ्याच्या वाटण्या झाल्या, यावरच गाडी अडलीय. हिलाही हवी, मलाही हवी. शेवटी ठरवलं, किमती निघाली तर विकायची. नाही निघाली, तर हिनं न्यायची."

बहीण डोळ्यांत तेल घालून माझ्या हातांकडे बघत होती.

बेडकाच्या पाठीवरचा फोड न् फोड हातानं कोरलेला होता. माल अस्सल, त्यात वादच नाही. मी डबी उलटी केली. पोटावर कारखान्याचा शिक्का असायला हवा होता; किंमत त्याच्यावरच ठरते. तिथे होता नुसता फिकट चट्टा, पॉलिश पेपरनं नुकताच घासलेला. भुसा अजून फटीत अडकला होता. बहिणीनं आपले हात हळूच टेबलाखाली घेतले.

खोटा शिक्का मारून आणणारे मला पैशाला पासरी भेटलेत. खरा शिक्का पुसून आणणारी ही पहिलीच.

आता, बाहेरच्यांना माहीत नसते अशी एक गोष्ट आहे. शिक्का कारखान्याचा असतो. कोरणाऱ्यांना आपलं नाव घालायची मुभा नसायची. मग ते झाकण अडकवणाऱ्या लाकडी खुंटीखाली, मालकाची नजर पोचणार नाही अशा जागी, आपली बारीकशी खूण कोरून ठेवायचे. ती सापडली की शिक्का नसला तरी चालतं. खुंटी काढायला दोन मिनिटं लागतात, आणि ती काढल्याशिवाय निकाल द्यायचा नाही हा माझाच नियम.

मी काढली नाही. कीव म्हणा, कंटाळा म्हणा, दोन्ही होतं.

"शिक्का नाही," मी चिठ्ठीवर लिहीत म्हणालो. "बाजारात हिला कोणी विचारणार नाही."

भावानं बेडकाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. "चल, ने तू, चिमे. मी गाडी काढतो," असं म्हणून तो जिना उतरला. त्याच्या आवाजात रुसवा नव्हता, हेच मला जास्त लागलं.

तिनं डबी उराशी धरली. मी तिला जाऊ द्यायला हवं होतं. पण न काढलेली खुंटी मला स्वस्थ बसू देईना.

"द्या जरा इकडे."

बारीक टोच्यानं मी खुंटी बाहेर ढकलली, जबडा सुटा केला आणि भिंग धरलं. कोरणारे सहसा एखादी रेघ नाहीतर फुली काढत. इथे शेजारी शेजारी दोन अक्षरं होती. 'दा' आणि 'चि'.

"भावाला काय म्हणता तुम्ही?"

"दादा. घरात सगळेच म्हणायचे. आईसुद्धा."

मी भिंग तिच्याकडे सरकवलं. तिनं वाकून दोन्ही अक्षरांवरून नख फिरवलं.

"मीच घासला तो शिक्का," ती म्हणाली. "म्हटलं, शिक्का गेला की डबी माझी एकटीची."

"कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी काम अर्धवट टाकलं होतं, आणि तेही वर भलेपणाचा आव आणून. मला माझीच लाज वाटली.

खाली हॉर्न वाजला. तिनं पदरानं डोळे कोरडे केले.

"खुंटी बसवू नका. दादाला वर बोलावते." दारापाशी ती थबकली. "त्याला सगळं सांगावं लागेल ना?"

"मलाही सांगायचंय," मी म्हणालो, आणि चिठ्ठी फाडली.